चूळ भर, जीभ दाखव

माहं माहेर चांदूर रेल्वेकडचं. गाव लहानसं, नाव सांगून तुले काय समजनार माय, पन रेल्वेचा रूळ आमच्या वावराच्या धुऱ्याले लागून जाये, अन् गाडी गेली का माही माय म्हने, चला वं पोरीहो, वांगे तोडाची येळ झाली. घड्याळ नोयतं घरी. बाप भाजीपाला लावे, वांगे, मेथी, सांभार, अन् आमी बहिनी-बहिनी पायटीच उठून जुड्या बांधो. सांभार म्हंजे तुमची कोथिंबीर. हासतं काऊन? हास, हास. तुले हासताना आज पह्यल्यांदा पाह्यलं मी. रोज येतं, तुह्या आजीसाठी पानं घेतं, पुस्तकाची पिशवी सांभाळत खाली मान घालून चालली जातं. आज बसली तं बस. ह्या करंडीतले पानं मले पलटाच लागतात, हात चालू राह्यला का तोंड बी चालते माहं.

तं लगन झालं अन् मी अंजनगाव सुर्जीले आली. सासऱ्याचा तठी पानमळा. मी भाजीवाल्याची पोरगी, मले वाटलं मळा तो मळाच, जाचं अन् कामाले लागाचं. पह्यल्याच दिवशी चपला घालून आत पाय टाकाले गेली तं सासू अशी वरडली का मी जागच्या जागी उभी. पानमळ्यात चपल चालत नाई. आंघोळ केल्याबिगर जाचं नाई, आत थुंकाचं नाई, जोरानं बोलाचं नाई. सासू म्हने, वेल म्हंजे पोटुशी बाई हाय, तिले धसका बसते. मंग तिनं मले हाताले धरून आत नेलं. बाहेर ऊन कसं रखरख करून राहिलं होतं, अन् आत पाहतो तं थंडगार, हिरवा हिरवा अंधार, शेवरीच्या पाल्यातून ऊन थेंबाथेंबानं गळून राहिलं, पायाखाली वली माती. मी म्हनलं, अरे बाप्पा, हे तं देवळावानी हाय.

अन् त्या हिरव्या अंधारात हे उभे. आमचे हे. नाव मी घेत नाई, आता ते नाईत तरी घेत नाई, तू संदीपचा बाप म्हन. आंगठ्यात पान खुडाची लोखंडी नखी घातलेली, अन् तोंड हे असं लाल. लग्नात मी वर मान करून पाह्यलंच नोयतं, तठी पाह्यलं. मनात म्हनलं, ह्या मानसानं तोंडात कुकू सांडून घेतलं का काय. त्याईनं वेलीचं एक पान खुडलं, खिशातून कात-चुन्याची डबी काहाडली, विडा केला अन् माह्यापुढं धरला. मी नाई म्हनलं. मले सवय नोयती, अन् लाज बी वाटे. तं म्हने, पानवाल्याची बायको अन् पांढरं तोंड? लोकं म्हनतीन कोनी मेलं का घरात?

ते गंमत नोयती बरं. आमच्यात खरंच तसं होतं. दिवसाचं पह्यलं पान मालकाच्या तोंडात जाये. चव पाहाले. पान कडू लागलं का समजाचं, पानी कमी पडलं, पचपचीत लागलं का जास्त झालं. कच्चं पान चावून चव घ्याची, मंग कात-चुना लावून दुसरं खाचं. असा दिवस सुरू होये. बाजारात गेलं अन् तोंड लाल नसलं का दलाल लोक चिडवत, काऊन गा, तुहं पान तुलेच आवडत नाई का? सुतकात तेवढं पान बंद. म्हनून पांढऱ्या तोंडाचा पानवाला रस्त्यानं दिसला का समजाचं, त्याच्या घरी मानूस गेलं. कोनी इचारे बी नाई, नुसता हात जोडे.

मी बी मंग खाले लागली. काय करतं.

आता तुले उतरन सांगतो, ते समजल्याबिगर पुढचं समजनार नाई. पानाची वेल शेवरीच्या झाडावर चढते, आपन तिले लव्हाळ्यानं बांधत बांधत वर नेतो, अन् वर गेली गेली का हात पुरत नाई. मंग उन्हाळ्याच्या तोंडी तिले खाली उतरवाची. सारे बांध सोडाचे, हळूहळू वेल खाली घ्याची, तिचं वेटोळं करून बुडाशी मातीत पुराचं, अन् टोक तेवढं वर ठेवाचं. थे टोक पुन्हा चढते. जुनी वेल खाली माती धरते अन् वर नवी होऊन जाते. पन हात असा हलका लागते माय, का काय सांगू. एक झटका बसला तं वेल आतून मोडते. वरतून साल शाबूत, पानं हिरवे, कोनाले दिसत नाई, अन् मंग चार-आठ दिवसानं उभी वेल सुकते. म्हनून आमचे हे मजुराले वेटोळं करू देत नसत. बांध सोडा, पानी आना, पन वेटोळं मीच करीन. संदीप मोठा झाला, त्याले बी नाई. संदीप घाई करे. हे म्हनत, ह्याचे हात म्हंजे फटफटीचे हात हाय, ब्रेकच नाई.

बाप-लेकाचं ह्याच्यावरून नेहमी वाजे. संदीप म्हने, बाबा तुमी शिकवतच नाई तं येईन कसं. हे म्हनत, पाह्य, पाह्यल्यानं येते.

आता दुखन्याचं. आमचे हे दारूच्या थेंबाले शिवले नाईत. हे मी आधी सांगतो, काऊन का लिव्हरचं नाव काहाडलं का लोकाईचं तोंड लगेच वाकडं होते. गावात एक बाई मले तोंडावर म्हने, पेत असंन वं चोरून, तुले काय मालूम. मी म्हनलं, माह्या नवऱ्याच्या तोंडाचा वास मले मालूम का तुले? झालं असं होतं, का लग्नाच्या आधी त्याईले कावीळ झाली होती. तव्हा कोन डॉक्टरकडं जाते, एका बुवानं मुळ्याईची माळ घातली गळ्यात, माळ लांबत गेली, डोळे पांढरे झाले, सारे म्हने उतरली कावीळ. डॉक्टरनं आता सांगतलं, का बाई थे उतरली नोयती, थे आतच बसली होती. इतके वर्ष लिव्हरमंधी बसली, अन् तिनं लिव्हर दगडावानी करून टाकलं, अन् त्या दगडावर गाठ उठली. क्यान्सरची. एवढे वर्ष मी त्या मानसाले गरम गरम जेवू घातलं अन् आत हे चालू होतं.

पन हे सारं मांगून समजलं. आधी काय झालं तं दिवाळीच्या जवळपास हे लाकडाच्या घोडीवर, शिडीच म्हन, चढून वेल बांधून राहिले होते. हात वर केला अन् एकदम, आई वं, म्हनून खाली बसले. पोटात असं काही आलं म्हने जसं आतून कोनी फाडलं. उजव्या खांद्यात बी कळ. घामानं सदरा वला. आमच्यात पोटात एकदम दुखलं का म्हनतात बोंबी, तुमची बेंबी, सरकली, मंग कोनी जानती बाई पोट चोळून बोंबी जागेवर आनते. मळ्यातल्या मानसाईनं तेच म्हनलं, बोंबी सरकली, बोंबी सरकली, अन् एक जन बोलवाले बी पळाला. थे बाई तेलाची वाटी घेऊन आली, पोटाले हात लावला, अन् हात मांगं घेतला तिनं. म्हने, नाई बाप्पा, हे माह्या हातचं नाई, पोट लाकडावानी लागून राहिलं, डॉक्टरकडं न्या. तिचे मी उपकार इसरनार नाई. तिनं चोळलं असतं तं तठीच सारं आटोपलं असतं, असं मंग डॉक्टर म्हने.

गावातल्या डॉक्टरनं पाह्यलं न पाह्यलं अन् अमरावतीले धाडलं. गाडीत त्याईचं डोक्सं माह्या मांडीवर. मोठ्या दवाखान्यात नेल्याबरोबर पोटात सुई टोचली, अन् सुईत काय आलं तं रक्त. पानी नाई, पू नाई, निव्वळ रक्त. डॉक्टर म्हने, आत रक्त वाहून राहिलं, गाठ फुटली. मले काही समजेच ना. मी त्याईचा सदरा पाह्यला, पायजमा पाह्यला, गाडीत बसलो होतो थे चादर झटकून पाह्यली. एक थेंब नाई. मी म्हनलं, साहेब, रक्त वाह्यलं तं गेलं कोठी? तं थे म्हने, मावशी, कोठी गेलं नाई, पोटातच हाय, पन नसेत नाई. जठी पायजे तठी नाई. हे वाक्य माह्या डोक्शातून जात नाई माय. आपल्याले कसं, विळा लागला, काटा लागला, रक्त दिसलं का आपन भेतो, चिंधी बांधतो. हे असं रक्त का मानूस मरून राहिला अन् बाहेर एक डाग नाई. चिंधी बांधाची कोठी?

मंग मांडीतून एक तार घालून त्या गाठीची रक्ताची नस बंद केली. बंद होते म्हने तसं. मले तं वाटलं पोट फाडतीन, पन नाई, तारेनंच. अन् रक्ताच्या पिशव्या लागल्या, अंजनगाववरून मळ्यातले पोट्टे आले द्याले, सारेच्या सारे लाल तोंडाचे, थे नर्सबाई म्हने, चूळ भरून या रे आधी, कोनाचं रक्त कोठून निघून राहिलं समजत नाई. तव्हा आमी सारे हासलो. दवाखान्यात बी हासू येते मानसाले.

वाचले तव्हा. अन् तठी, दवाखान्यात, त्याईचं पान बंद झालं, अन् मी एका सकाळी तोंड धुवून देऊन राहिली होती तं पाहतो, का ओठाचा लाल रंग निघून गेला अन् खालतून त्याईचे ओठ दिसले. खरे ओठ. इतक्या वर्षाच्या संसारात मी ते असे जवळून पाह्यले नोयते. लहान लेकराचे असतात तसे, कवळे, गुलाबीसर. मी तशीच पाहत बसली. हे म्हने, काय पाहतं? मी म्हनलं, काही नाई, तुमचे ओठ चांगले हाय. तं ह्या वयात लाजले माय ते.

सुट्टी देताना डॉक्टरनं मले बाजूले घेतलं. म्हने, मावशी, नस बंद केली पन गाठ काही गेली नाई, पुन्हा फुटू शकते. अन् फुटली तं बाहेर काही दिसनार नाई. म्हनून तुमी दोन गोष्टी पाहाच्या. पोटात, खांद्यात कळ आली का, अन् ओठ, जीभ, डोळ्याच्या आतली कड, हे पांढरं पडलं का. ओठ पांढरे दिसले का इचार कराचा नाई, गाडीत टाकून आनाचं. लवकर आनलं तं आमाले काही करता येईन. अन् पान बंद, काऊन का पान खाल्लं तं तुमाले ओठ दिसनारच नाईत.

मी घरी येऊन त्याईचा हात माह्या डोक्शावर ठेवला. म्हनलं, शपथ घ्या, पान खानार नाई. घेतली.

अकोल्याले बी दाखवलं आमी, संदीप म्हने एका डॉक्टरचं काय ऐकाचं. त्या डॉक्टरनं बी तेच सांगतलं, का लिव्हर लय खराब हाय, ऑपरेशन झेपनार नाई, जितके दिवस हाय तितके सांभाळा. हे बाहेर बाकड्यावर बसले होते, मी दाराबाहेर आली तं माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् म्हने, चल, भूक लागली, ह्या अकोल्यात काय खाले भेटते पाहू. भूक काही लागली नोयती त्याईले. माह्यासाठी म्हनलं.

तव्हापासून माहं एकच काम. सकाळी उठली का पह्यले त्याईचे ओठ पाह्याचे. मंग चहा. दुपारी पुन्हा. मळ्यात बाज टाकून दिली होती काठाशी, तठी ते बसत अन् मजुराईले सांगत, तं मी कामातून उठून उठून जाओ पाहाले. म्हनत, काय नवरदेव पाहाले आल्यावानी करतं गं दिवसातून दहा डाव? मी म्हनो, हो, पसंत पडला का नाई ते पाहून राहिली. सून वर्षा हासे. पांढऱ्या तोंडानं बाजारात जाले मातर त्याईनं साफ नाई म्हनलं. एकदा गेले होते तं एका दलालानं हात जोडले. कोन गेलं म्हनून. हे म्हने, मीच चाललो.

घरी येऊन हासत हासत सांगतलं. मी नाई हासली.

मंग उतरनीचे दिवस आले. यंदा वेटोळं कोन करनार? वाकाचं तं त्याईले मना होतं. म्हने, संदीप करीन. आमी सारे पाहतच राह्यलो. बाजेवर बसून ते सांगत अन् थो करे. हळू. अजून हळू. लेकराले पाळण्यात निजवतं तसं. अरे झटका नको देऊ, तुह्या बापाच्या पोटात दुखते ना. संदीप दोन-तीन वेली मोडल्या तव्हा रडला, एवढा बाप्या मानूस. हे ओरडले नाईत. म्हने, मोडू दे, माह्या हातानं बी मोडल्या होत्या, तुह्या आजानं मले वेलीच्या दोरानंच मारलं होतं. रोज एक-एक ओळ होत गेली.

अखेरच्या ओळीचा दिवस. मी घरून भाकर घेऊन गेली, ऊन चढलं होतं. दुरून पाहतो तं हे बाजेवर बसलेले अन् तोंड लालभडक.

मी म्हनलं, हे काय, पान खाल्लं? तं म्हने, खाल्लं, अखेरची ओळ हाय, पह्यलं पान कोनं खाचं मंग, तू? अन् हासले. मले राग याले पायजे होता, शपथ मोडली होती, पन खरं सांगतो, मले आनंद झाला. कित्येक महिने त्याईले कशाचीच चव नोयती, अन्न पाह्यलं का तोंड फिरवत, अन् आज सोताहून पान मांगून खाल्लं. आमच्या घरी मानूस दुखन्यातून उठला का आधी पान मांगते, मंग समजाचं बरा झाला. वर्षा मांगून आली, म्हने, आत्याबाई, मामाजीचा चेहरा कसा खुलला पाहा. मळ्यातले मानसं बी खूश. सारे म्हने, मालक आज रंगात हाय.

भाकर खाल्ली नाई. म्हने ठेव, ओळ झाल्यावर खातो. पोटाले दुपट्टा आवळून बांधला होता, आमचे लोक ओझं उचलताना बांधतात तसा. मी म्हनलं हे काऊन, म्हने, गार वारं लागते. उन्हात? पन बाई, नजर माही ओठावर गेली, सवय झाली होती ना, आधी ओठ पाहाचे, अन् ओठ लाल होते. डोळ्याले वाटलं, लाल हाय, सारं ठीक हाय. खांदा चोळून दे म्हने, मी चोळून देत बसली. संदीप आत वेटोळं करून राहिला होता, अन् ह्याईचा आवाज, हळू, हळू रे, तो आवाजच हळू हळू होत चालला होता. मले वाटलं लेकराले शिकवून राहिले म्हनून हळू बोलतात.

मंग संदीप बाहेर आला, हात मातीनं भरलेले, म्हने, बाबा, झाली. एक बी मोडली नाई. हे म्हने, टोक वर ठेवलं ना? ठेवलं म्हने. मंग ते आडवे झाले. मी घाम पुसाले हात हाती घेतला तं हात गार, अन् तळवा पलटून पाह्यला तं पांढरा, लसनाच्या पाकळीवानी. डोळ्याची कड खाली वढून पाह्यली, थे बी पांढरी. मी गडव्यातलं पानी घेऊन पदर भिजवला अन् त्याईचे ओठ पुसले. पदराले लाल रंग आला, अन् पदराखाली ओठ...

थांब जराशी. हे पान पाह्य, सडलं, काहाडून टाक. दुसऱ्याले लागते.

मी म्हनलं, कव्हापासून? म्हने, सकाऊनपासून. मी म्हनलं, अन् हे पान? तं म्हने, तू ओठ पाह्यले असते तं तव्हाच गाडीत टाकलं असतं मले. मी म्हनलं, टाकलं असतं, वाचले असते, उतरन काय, संदीपनं केली असती. म्हने, संदीपले आज आली. काल येत नोयती.

संदीप तठीच उभा होता, मातीचे हात घेऊन. त्यानं बापाले उचललं, जसं शिकवलं होतं तसं, झटका न देता, अन् गाडीत ठेवलं. अमरावतीच्या रस्त्यानं मी त्याईशी बोलत राह्यली, भांडत राह्यली म्हन. मी म्हनलं, माह्या डोक्शावर हात ठेवला होता तुमी. म्हने, हो. मी म्हनलं, माहं काम होतं पाहाचं, तुमी मले पाहू दिलं नाई. तं म्हने, तू लय पाह्यलं मले. मंग जराशानं म्हने, मळ्यातून पांढऱ्या तोंडानं निघाचं नोयतं मले. हे अखेरचं. वलगाव दिसून राहिलं होतं, अमरावती आलीच होती. तठी माह्या मांडीवरचं वजन बदललं. मले समजलं. संदीपले मी लगेच सांगतलं नाई, थो गाडी चालवून राहिला होता, त्याले मी दवाखान्याच्या दारापर्यंत चालवू दिली.

डॉक्टरनं इचारलं, मावशी, ओठ पाह्यले नोयते का? मी म्हनलं, पाह्यले होते साहेब. लाल होते. ते समजले.

घरी आनलं, आंघोळ घातली. त्याईचा चुलतभाऊ वलं फडकं घेऊन तोंड पुसाले लागला, एका कडेले जिथं मी पुसलं नोयतं तठी लाल राह्यलं होतं. मी म्हनलं, भाऊजी, तेवढं राहू द्या. ते म्हने, वहिनी, मानसाले स्वच्छ करून न्यावं लागते. मी म्हनलं, पानवाला हाय तो. राहू द्या. राहू दिलं.

अन् मंग आमच्या साऱ्याईचे तोंडं पांढरे झाले.

राग हाय मले त्याईचा, आता बी हाय. लोकं म्हनतात, किती मोठा मानूस, लेकाले काम शिकवून गेला. गेला ना पन. मी काय करू त्या उतरनीले? मळा त्या साली असा फुटला होता, का रस्त्यानं जानारे थांबून पाहत, एक बी वेल सुकली नाई, अन् मी आत जाऊन त्या वेटोळ्यापाशी बसो अन् म्हनो, तुमच्यापाई गेले ते. मंग वाटे, वेलीले काय बोलाचं. एखादे दिवशी वाटते बरं झालं, दवाखान्याच्या नळ्या लावून जाण्यापेक्षा आपल्या मळ्यातून गेले. अन् एखादे दिवशी वाटते, अजून चार महिने भेटले असते मले. दोन्ही वाटते. तुह्या पुस्तकात ह्याचं काही उत्तर असंन तं सांगजो.

डॉक्टरनं सांगतलं होतं, घरातल्या साऱ्याईचं रक्त तपासा, हे कावीळ रक्तातून लेकराईत बी असते. तपासलं. माहं चांगलं निघालं. संदीपचं नाई. थेच कावीळ, तशीच आत बसलेली. पन त्याचं लवकर समजलं, अकोल्याचे डॉक्टर म्हने रोज गोळी घ्याची, दर सहा महिन्यानं पोटाची तपासनी कराची, नीट राह्यलं तं काही होनार नाई. लहानीले, माह्या नातनीले, जन्मल्याबरोबर लस दिली होती, तिले काही नाई. म्हनून मंग आमी अकोल्यातच, ह्या जठारपेठेत खोली केली. लहानीची शाळा बी झाली, तपासनी बी जवळ, अन् मी अठी पानं घेऊन बसतो. संदीप मळा पाहते, अंजनगावले जाते, येते, उतरन सोता करते. मजुराले करू देत नाई. हळू हळू म्हनते तव्हा माह्या आंगावर काटा येते, आवाज अगदी तोच.

अन् पान खाते थो बी. मी बंद कर म्हनलं नाई. पानवाल्याचं पोट्टं, किती दिवस बंद करीन. पन आमच्या घरी आता एक नेम हाय. थो घरी असला का सकाळी पह्यल्या पानाच्या आधी गडवा भरून त्याच्यापुढं ठेवतो अन् म्हनतो, चूळ भर, जीभ दाखव. थो एवढा मिशीवाला मानूस, ओसरीत उभा राहून आ करते. मी उजेडात पाहतो, जीभ, ओठ, डोळ्याची कड, तळवा. डॉक्टर म्हने, मावशी, ह्याची गरज नाई, ह्याले गाठ नाई. मी म्हनलं, तुमच्या जागी तुमी बरोबर हाय, मले पाहू द्या. लहानी बी बापाच्या बाजूले येऊन उभी राह्यते, कोनी सांगतलं नाई तिले, थे बी चूळ भरते अन् आ करते. तिची बी पाहतो. दोघाईची लाल असली का म्हनतो, जा, खा आता पान. लहानीले नुसतं पान, कात-चुना नाई.

मी खात नाई आता. कोनी मना केलं नाई, आपलं मन होत नाई. माहं तोंड असंच राह्यलं, पांढरं. ओळखीचे पानवाले ह्या रस्त्यानं जातात तं हात जोडतात. मी बी जोडतो.

झाली वं माही करंडी पलटून. हे तुह्या आजीचे पानं, वरचे कवळे कवळे काहाडले, तिले दात नाईत ना. जा आता, तुही माय वाट पाहत असंन. अन् थांब. इकडं ये, उजेडात. आ कर. लाजतं काऊन, मी का डॉक्टर हाय? आ कर.

लाल हाय. जा माय, अशीच राय.